वीस मिनिटांचा ताप

लोणावळ्याहून ॲम्बी व्हॅलीकडे निघालेल्या माणसाला आपण मावळ सोडून मुळशी तालुक्यात कधी शिरलो, हे सहसा कळत नाही. सहाराने डोंगरमाथ्यावर वसवलेली ही नगरी म्हणजे महसुली दप्तरात आंबवणे आणि आसपासच्या गावांची जमीन. तिथे एक धावपट्टी आहे, आणि ‘व्हॅली रन’ नावाच्या ड्रॅग शर्यतींमुळे ती देशभरच्या गाडीवेड्यांना ठाऊक झाली. पोर्शे, लॅम्बोर्गिनी, निसान जीटी-आर, शिवाय गॅरेजात टर्बो वाढवून आणलेल्या छोट्या गाड्या इथे एकामागून एक सरळ रेषेत सुटतात. अंतर पाव मैलाचं, म्हणजे ४०२ मीटर. चांगली गाडी ते दहा-अकरा सेकंदांत कापते. मग पुन्हा रांग, पुन्हा वाट पाहणं, आणि तोवर बॉनेट उघडून इंजिनाला वारा.

या धावपट्टीवर धडधाकट पळालेली गाडी खऱ्या रेसट्रॅकवरही तशीच पळेल, असं बरेच मालक मनाशी धरून चालतात. शोरूममधून आणलेली स्पोर्ट्‌स कार, काहीही न बदलता, ट्रॅक डेला न्यायची. टिकेल का? ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपली रोजची गाडी बंद सर्किटवर मनासारखी हाणायची. दिवसभरात साधारण वीस-वीस मिनिटांची सत्रं मिळतात.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. इंजिन बहुधा टिकतं. कंपनीने त्याच्यासाठी फार पैसा आणि फार वेळ खर्चलेला असतो. आधी हात टेकतात ते ब्रेक, मग टायर. त्यानंतर गिअरबॉक्स आणि तेल. आणि या सगळ्यांना एकच रोग होतो, उष्णतेचा. धावपट्टीवरच्या अकरा सेकंदांत तो दिसत नाही.

धावपट्टी वेगळ्याच गोष्टीची परीक्षा घेते. तिथे सगळा मार सुरुवातीच्या दीड-दोन सेकंदांवर असतो. उभ्या गाडीला पूर्ण ताकदीने उडवताना क्लच, गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्ट यांच्यावर जो झटका येतो, तो वर्षभराच्या शहरी वापरात येत नाही. निसानची आर३५ जीटी-आर २००७ च्या अखेरीस जपानात आली, तेव्हा उभ्या गाडीला आपोआप पूर्ण जोरात सोडणाऱ्या तिच्यातल्या लाँच कंट्रोलचा मोठा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लाँच कंट्रोल वापरून गिअरबॉक्स फुटल्याच्या तक्रारी आणि वॉरंटीवरून भांडणं सुरू झाली. शेवटी निसानने सॉफ्टवेअर बदलून तो झटका सौम्य केला. तीच गाडी वळणावळणाच्या सर्किटवर मात्र उत्तम पळत होती. म्हणजे ‘रिलायबल’ या शब्दापुढे ‘कशासाठी’ हा प्रश्न लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता ब्रेकचा हिशेब, कारण सगळी गोम तिथे आहे. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं, एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी चौदाशे किलोची गाडी ताशी १८० वरून ८० वर आणायची, तर सुमारे १.४ मेगाज्यूल ऊर्जा चार-पाच सेकंदांत डिस्कमध्ये उष्णता होऊन जिरते. एवढ्या उष्णतेत चार लिटर गार पाणी उकळीला येईल. पाच किलोमीटरच्या एका लॅपमध्ये असे चार मोठे ब्रेक धरले, तर साडेपाच मेगाज्यूल. लॅप सव्वादोन मिनिटांत संपतो आणि दम न घेता पुढचा सुरू होतो. सरासरी काढली तर चाळीस किलोवॅट होते: वीस गिझर एकाच वेळी चालू ठेवावेत तेवढी उष्णता, चार डिस्कमध्ये.

मुळशीकरांना घाटाची भीती जास्त वाटते, आणि ती चुकीची नाही. ताम्हिणीतून कोकणात उतरताना गाडी जवळजवळ पाचशे मीटर खाली येते. त्याच चौदाशे किलोच्या गाडीची उंचीत साठलेली ऊर्जा मोजली तर ती सात मेगाज्यूलच्या आत-बाहेर भरते, म्हणजे ट्रॅकवरच्या सव्वा लॅपएवढी. पण घाट उतरायला अर्धा तास लागतो. त्यातला मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिन उचलतं, थोडा वारा खातो. सगळी ऊर्जा ब्रेकवरच टाकली तरी सरासरी चार किलोवॅटच्या पुढे जात नाही. ट्रॅक दहापट. म्हणून ‘माझी गाडी लवासाचा आणि ताम्हिणीचा घाट रोज करते, ब्रेकला काही होत नाही’ हा दाखला ट्रॅकच्या बाबतीत फारसा कामाचा नाही.

घाटातही ब्रेक तापून वास येतो, धूर येतो, हे खरं. पण तो बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पेडलवर पाय ठेवून उतरणाऱ्याचा दोष असतो, गाडीचा नव्हे.

डिस्क तापली की पहिल्यांदा पॅड दगा देतात. कंपनीचे पॅड थंडीत, पावसात, पहिल्याच दाबाला आवाज न करता पकडावेत असे बनवलेले असतात. त्यांना जोडून ठेवणारी रेझिनं फार तापली की वायू सोडू लागतात. पॅड आणि डिस्क यांच्यामधली पकड सुटते. पाय घट्ट दाबलेला आहे, पेडलही कडक आहे, पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट: पेडल मऊ होऊन तळाला जातं. इथे दोष आपले मेकॅनिक ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात त्याचा. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की किमान अपेक्षा १५५ अंशांवर येते. कॅलिपरशी ते उकळतं, बुडबुडे होतात, आणि आपण पेडल दाबतो तेव्हा द्रवाऐवजी वाफ दबते.

मुळशीसारख्या पावसाच्या प्रदेशात, जिथे चार महिने कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी धरते, दोन-अडीच वर्षं न बदललेल्या ब्रेक ऑइलवर भरवसा ठेवू नये. पाणी टाकीच्या झाकणातून कमी आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतून अधिक झिरपतं, इतकं हळू की रस्त्यावर कधी जाणवत नाही. ट्रॅकवर पाचव्या-सहाव्या लॅपला जाणवतं. ट्रॅकवर खराब झालेल्या गाड्यांच्या कहाण्यांत ‘ब्रेक गेले’ या दोन शब्दांमागे फार वेळा हेच हजार-दोन हजारांचं काम राहून गेलेलं असतं, आणि बोल मात्र कंपनीला लागतो.

टायरचं थोडक्यात सांगतो. सकाळी ३२ पीएसआय भरलेलं टायर चार लॅपनंतर ३८-४० दाखवतं. ते फुगतं, जमिनीला मधोमध टेकतं आणि पकड कमी होते. म्हणून ट्रॅकवर थंड टायरमध्ये हवा कमी भरतात आणि गरम झाल्यावर पुन्हा मोजतात. हा टायरचा बिघाड नव्हे. पण रोजच्या वापरात चाळीस हजार किलोमीटर चालणारा संच दोन-तीन ट्रॅक डेंत कडांना खलास होतो, आणि स्पोर्ट्‌स कारच्या चार टायरांची किंमत ऐकून बरेच जण दुसऱ्यांदा जात नाहीत.

इंजिनात खरा धोका ताकदीचा नसून तेलाचा आहे. चिकट टायरची गाडी वळणात पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं आडवं त्वरण घेते, तेव्हा संपमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या, तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. बुद्ध सर्किटवरचं दहावं-अकरावं वळण म्हणजे एकच लांबलचक उजवा फेरा; अशा ठिकाणी तेल काही सेकंद एका बाजूला चढून बसतं. तेल ओढणारी नळी उघडी पडली की पंप हवा ओढतो, आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांवरचा तेलाचा पापुद्रा फाटतो. त्याची किंमत तिथल्या तिथे कळत नाही. दोन महिन्यांनी इंजिन ठोकू लागतं आणि मालक म्हणतो, ‘हायवेवर सरळ जात असताना गेलं हो!’ टोयोटाच्या जीआर८६ या गाडीबद्दल परदेशातल्या ट्रॅक मंडळींनी लांब उजव्या वळणांत ऑइल प्रेशर घसरत असल्याचं नोंदवलं आहे, आणि ती गाडी तर मुद्दाम वळणांसाठीच केलेली. यावरचा पक्का उपाय ड्राय संप: तेल इंजिनखाली न साठवता वेगळ्या टाकीत, आणि ते तिथे उचलून नेणारे स्वतंत्र पंप. पोर्शेच्या जीटी३ मध्ये तो असतो. सामान्य गाडीत नसतो, कारण महाग आहे. सामान्य माणसाने निदान तेलाची पातळी वरच्या खुणेशी ठेवावी. अर्धा लिटर कमी असलेलं इंजिन मुंबईला जाऊन येतं, वळणावर मार खातं.

पण ‘ट्रॅकसाठीच बनवलेली’ गाडी घेतली म्हणजे निश्चिंत झालो असंही नाही. २०१४ च्या सुरुवातीला युरोपात नव्याकोऱ्या पोर्शे ९११ जीटी३ ला आगी लागल्या. कनेक्टिंग रॉडचे स्क्रू सैल होऊन इंजिनाला भोक पडत होतं आणि बाहेर आलेलं तेल पेटत होतं. पोर्शेने जगभरातल्या सगळ्या ७८५ गाड्यांचा वापर थांबवायला सांगितला आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. पुढे त्याच पिढीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारे भाग लवकर झिजू लागले, तेव्हा कंपनीने इंजिनाची हमी दहा वर्षांपर्यंत वाढवली. माझ्या लेखी हे पोर्शेच्या विरोधात जात नाही. मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन विकायचं आणि चुकलं तर त्याच्यामागे उभं राहायचं, हा त्या सौद्याचाच भाग आहे. जनरल मोटर्सच्या २०१५ च्या कॉर्व्हेट झेड०६ ची गोष्ट जास्त बोलकी आहे. साडेसहाशे अश्वशक्ती, नावावर ट्रॅकची शेखी, आणि काही लॅपनंतर इंजिन तापून गाडी स्वतःच ताकद कमी करायची. मालक कोर्टात गेले. २०१७ च्या मॉडेलला हवा बाहेर टाकणाऱ्या मोठ्या फटींचं नवं बॉनेट बसलं. इंजिन फुटलं नव्हतं. त्याने स्वतःला वाचवलं होतं. तरी ज्याने पैसे मोजून ट्रॅक घेतला आहे त्याच्या दृष्टीने तीही बंद पडलेलीच गाडी.

स्वतःला वाचवणं ही आजच्या गाड्यांची मोठी सोय आहे, आणि भारतात ती जरा जास्तच कामाला येते. टर्बो इंजिनात जाणारी हवा आधीच चाळिशीच्या घरात असेल तर इंटरकूलर तिला कितीसं गार करणार? हवा गरम आणि पेट्रोलचं ऑक्टेन कमी, की मिश्रण अवेळी पेटून इंजिन ‘नॉक’ करतं. कॉम्प्युटर लगेच ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद घटते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं एक्सपी १०० पेट्रोल आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. रोज कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या गाडीला ते घालणं म्हणजे निव्वळ हौस; ट्रॅकच्या दिवशी टर्बो गाडीला ते खरोखर उपयोगी पडतं. गिअरबॉक्सचंही तसंच. फोक्सवॅगनच्या कोरड्या क्लचच्या सात-गिअरी डीएसजी गिअरबॉक्समुळे २०१३ मध्ये जगभर सोळा लाख गाड्यांना परत बोलवायची वेळ आली, कारण उष्ण आणि दमट हवेत आतल्या तेलामुळे विजेचे दोष उद्भवत होते. जर्मनीत न दिसणारा रोग आशियात दिसतो, तो असा.

फोक्सवॅगनचं नाव निघालं म्हणून एक घरचाच दाखला. चाकणला २००९ मध्ये कारखाना सुरू झाला, आणि २०१० मध्ये कंपनीने पोलो कप ही शर्यतमालिका भारतात आणली. गंमत म्हणजे त्या रेस-पोलो डिझेलच्या होत्या, १.६ लिटरचं टीडीआय इंजिन, १३० अश्वशक्ती. अशा एकाच गाडीच्या मालिकांत कंपनी स्वतःची गाडी ट्रॅकवर उतरवताना काय बदलते ते पाहावं. आतलं सामान निघतं, लोखंडी पिंजरा बसतो, सीट आणि पट्टे रेसिंगचे येतात, सस्पेन्शन कडक होतं, टायर आणि ब्रेक बदलतात. इंजिन मात्र ओळखीचंच राहतं, रस्त्यावरच्या भावंडापेक्षा थोडं तगडं केलेलं. आपल्या गाडीचं काय ट्रॅकवर टिकतं आणि काय नाही याचं उत्तर कंपनीने स्वतःच, पानाहातोडा घेऊन, दिलेलं आहे.

पुण्याच्याच टाटा मोटर्सने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टॅमो रेसमो ही दोन माणसांची, मधोमध इंजिन असलेली छोटी स्पोर्ट्‌स कार मांडली होती. १.२ लिटरचं टर्बो, १९० अश्वशक्ती. ती बाजारात आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. कारण ट्रॅकवर टिकायचं तर हलकेपणासारखं औषध नाही. पुन्हा आकडे मांडू. अकराशे किलोची हॅचबॅक १५० वरून ७० वर आणताना पाऊण मेगाज्यूल उष्णता होते. चाकणलाच २०२० पासून जुळणी सुरू झालेली मर्सिडीज-एएमजी जीएलसी ४३ कूपे अठराशे किलोच्या आसपास. तिची ताकद मोठी, म्हणून सरळ पट्ट्यावर वेगही मोठा. ती २०० वरून ८० वर आणताना २.३ मेगाज्यूल. तिप्पट. तिचे ब्रेक मोठे आहेत, पण तिप्पट नाहीत. भारी गाडी दोन लॅप थरारक चालते, तिसऱ्या लॅपला मालक डॅशबोर्डवरचे दिवे वाचू लागतो. हॅचबॅकवाला सत्र संपेपर्यंत फिरत असतो, आणि चालवायला खरं तर तोच शिकतो. विजेच्या गाड्यांत वजनाचा हा पेच आणखी घट्ट होतो: मोटार ब्रेकचं पुष्कळ काम उचलते, पण मग बॅटरी तापते आणि ताकद कापली जाते.

कंपनीचा स्वतःच्या गाडीवर किती विश्वास आहे, ते जाहिरातीत शोधू नये. वॉरंटीच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर शोधावं. रेसिंगने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या साफ वगळतात. ऑस्ट्रेलियात ह्युंदाईने आपल्या एन मालिकेच्या गाड्या शर्यत नसलेल्या ट्रॅक डेला नेल्या तरी वॉरंटी कायम ठेवली. हे मला कुठल्याही लॅप टाइमपेक्षा जास्त पटतं. आपल्याकडच्या विम्याचा कागद तर वाचण्यासारखा आहे. खासगी कारच्या पॉलिसीत कशासाठी वापर चालणार नाही याची यादी असते. तिच्यात संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या यांच्या जोडीला ‘रिलायबिलिटी ट्रायल’ही लिहिलेली आहे. गाडी विश्वासार्ह आहे का, हे बघायला जाल तर विमा नाही! ट्रॅकवर भिंतीला घासलेला दरवाजा स्वतःच्या खिशातून करायचा, हे घरून निघतानाच मान्य केलेलं बरं.

म्हणून काहींना लवासाचा रस्ता स्वस्त वाटतो. रविवारी पहाटे पिरंगुटच्या पुढे जे आवाज घुमतात ते ऐकून गावकरी वैतागलेले आहेत, आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली, सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर कैद एक वर्षापर्यंत. शिवाय घाटात चांगल्या गाडीची कुठलीच परीक्षा होत नाही. समोरून दुधाची गाडी येणार हे ठाऊक असलेला माणूस, कितीही उर्मट असला तरी, आपल्या गाडीला अर्ध्यानेसुद्धा वापरू शकत नाही.

जवळ ट्रॅकच नाही, ही पुणेकरांची सबब आजवर खरी होती. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, कोइंबतूरचा करी स्पीडवे, दिल्लीजवळचं बुद्ध, सगळी हजार किलोमीटरपलीकडे. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक होता, तिथून चांगले रेसर निघाले, पण तिथे आपली गाडी घेऊन जाता येत नाही. आता तळेगावजवळ नाणोलीला नाणोली स्पीडवे हा खासगी ट्रॅक उभा राहिला आहे. म्हणजे पौडहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर.

तिथे जाणाऱ्याने आदल्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदलून हवा काढून घ्यावी, पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत ना ते पाहावं, रेडिएटरच्या जाळीतला पावसाळ्याचा चिखल पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळावेत, आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासावेत. सत्राचा शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न लावता, हळू मारावा. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतात. चाकापुढे लाकडी ठोकळा ठेवावा, बॉनेट उघडावं. आणि गाडी ट्रेलरवर न आणता स्वतः चालवत आणली असेल, तर दुपारी चारच्या सत्राआधी चाकाच्या आऱ्यांमधून पॅडचा थर एकदा बघावा. तो तीन मिलिमीटरवर आला असेल तर ते सत्र सोडावं, चहा घ्यावा. कारण घरी जाताना वाटेत चाकणच्या कंटेनरांची रांग लागते, आणि तिथे ब्रेक लागतातच.